पोस्टर राहू दे, फॉर्म बघा

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये, स्लॉला राहतो. लेक इयर १३ मध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला ग्राफिक डिझाइनच करायचंय. ऑक्टोबरमध्ये रीडिंग विद्यापीठाच्या ओपन डेला, म्हणजे विद्यापीठ बघायला बोलावतात त्या दिवशी, जायचं म्हणते. हे म्हणतात, सगळं वेबसाइटवर असतं, शनिवार कशाला घालवायचा? आम्हा दोघांना यातलं ओ की ठो कळत नाही. जाऊन बघायचं तरी काय? – एक आई

उत्तर: जा, आणि यांनाही सोबत न्या. त्यांच्यासाठी एक काम आहे, ते शेवटी सांगते.

नाव नोंदवताना विषयाच्या माहितीसत्राची सकाळची वेळ धरा. दुपारची धरली की सकाळ राहण्याच्या खोल्या बघण्यात जाते आणि स्टुडिओत पोचेपर्यंत मंडळी आवराआवरीला लागलेली असतात. खोल्या ऑफर आल्यावरही बघता येतील.

स्टुडिओत मोठमोठ्या पोस्टरांसमोर रेंगाळू नका, ते निवडून लावलेलं काम असतं. दुसऱ्या वर्षाचं काम दाखवा म्हणा. त्यातही भरपूर मजकुराचं: वेळापत्रक, फॉर्म, पुस्तकाचं पान. तुम्हाला डिझाइन कळत नसेल, वाचता तर येतं. ओळी एकमेकींना चिकटल्यात का? परिच्छेदाच्या शेवटी एकच शब्द खाली लोंबकळतोय का? फॉर्ममध्ये पुढे कुठे लिहायचं ते न शोधता सापडतं का? हुशार पोराला पोस्टर न शिकवताही जमून जातं. दोन पानी फॉर्म नाही जमत. मग त्याच कामाचे आधीचे कच्चे कागद मागा. त्यावर शिक्षकांच्या खुणा असतील आणि पुढच्या कागदावर तसा बदल दिसत असेल, तर तिथे शिकवतात. आणि एकाच विषयावरची सगळ्यांची कामं एकाच वळणाची दिसली, तर मुलं शिक्षकांची आवड गिरवतायत असं खुशाल समजा.

रीडिंगला ‘टायपोग्राफी अँड ग्राफिक कम्युनिकेशन’ असा स्वतंत्र विभागच आहे. भर अक्षरांवर, मांडणीवर. ‘रिअल जॉब्ज’ योजनेत विद्यार्थी खऱ्या ग्राहकांची कामं करतात. त्यातलं एखादं काम पहिल्या बैठकीपासून छपाईपर्यंत कसं गेलं ते विचारा. भारतीय लिप्यांच्या टाइपवर, म्हणजे छपाईच्या अक्षरांवर, आयुष्यभर काम केलेल्या फियोना रॉस याच विभागातल्या, त्यामुळे देवनागरीचं तिथे कुणाला नवल नाही. मात्र लेकीचा ओढा चित्रं काढण्याकडे असेल तर हा कोर्स तिला कोरडा वाटू शकतो. तिने मग इलस्ट्रेशनचे कोर्स बघावेत.

प्रश्न तिलाच विचारू दे, तुम्ही दोघं जरा मागे राहा. मदतीला उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांकडून खरी उत्तरं मिळतात, पण ‘कोर्स कसा आहे?’ असं विचारलंत तर ‘छान’ एवढंच ऐकू येईल. गेल्या टर्मला छपाई आणि कागदावर किती पैसे गेले? बसायला स्वतःचं टेबल आहे की मिळेल तिथे? स्क्रीन प्रिंटिंग, लेटरप्रेस या हाताने छापायच्या यंत्रणांना पहिल्या वर्षी हात लावू देतात का, आणि वर्कशॉप संध्याकाळी उघडं असतं का? अडोबीच्या डिझाइन सॉफ्टवेअरचं लायसन्स स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं का? प्लेसमेंट इयर, म्हणजे मधलं एक वर्ष नोकरीचा अनुभव घ्यायचं, असेल तर जागा कोण शोधतं? बहुतेकदा ती विद्यार्थ्यालाच शोधावी लागते.

ओपन डे म्हणजे मुलाखत नव्हे, पोर्टफोलिओचं बाड नको. एक स्केचबुक पिशवीत असू दे; कुणी शिक्षक मोकळे दिसले तर दाखवता येईल. यूकॅसवर, म्हणजे विद्यापीठांचे अर्ज भरायच्या सामाईक यंत्रणेवर, पाच पर्याय भरता येतात आणि मुदत जानेवारीच्या मध्यावर संपते, तेव्हा त्याआधी निदान आणखी एक विद्यापीठ बघून घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आता यांचं काम. इंग्लंडमध्ये होम फी, म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांची फी, २०२५-२६ साठी वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होती. ओव्हरसीज फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची, त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असू शकते. तुमचा आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) झालेला नसेल, वर्क व्हिसा आणि डिपेंडंट असं चालू असेल, तर मुलगी इथल्या शाळेत शिकलेली असूनही ओव्हरसीजमध्ये धरली जाऊ शकते. ती यूकेत किती वर्षं राहिली यावर काही सवलती असतात. त्यांनी फीच्या टेबलावर व्हिसाच्या तारखा घेऊन जावं आणि मिळालेलं उत्तर ईमेलवर लिहून मागावं.