साहेबांना दिसत नाही का?

"मॅडम, मी माझं काम चोख करतो. पुढेपुढे करणारे वर जातात आणि मी आहे तिथंच. साहेबांना दिसत नाही का?" अप्रेझलचे फॉर्म हातात पडले की हे वाक्य समुपदेशक म्हणून माझ्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतं. म्हणून एका गृहस्थांची हकीकत सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख बदलून.

चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये अकरा वर्षं काढलेले हे गृहस्थ. बढती दोनदा हुकलेली. फॉर्म भरून आणला होता. त्यात एकच ओळ: 'सर्व कामे वेळेवर पूर्ण केली.'

"आणखी लिहा ना."

"आपल्या तोंडानं आपलीच स्तुती? घरी तसं शिकवलं नाही."

तीन भेटी आम्ही इथेच अडलो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी घडण झाली आहे. त्यामुळे मला वाक्यातला 'च' आधी ऐकू येतो. साहेबांनी ओळखावं, ही इच्छा झाली. ओळखायलाच हवं, हा हट्ट झाला. हट्ट धरलेला माणूस सांगत नाही, रुसून बसतो. आणि मेंटेनन्सचं काम असं, की ते नीट झालं तर काहीच घडत नाही. न झालेला बिघाड साहेबांना दिसणार कसा?

चौथ्या भेटीत बोलता बोलता निघालं की वडील गावी डेअरीला दूध घालतात.

"डेअरीत काय मोजतात?"

"लिटर, फॅट, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक."

"आज फॅट चार लागली, असं वडील सांगतात, ती बढाई का?"

"छे! तो हिशोब. त्यावर तर दर मिळतो."

एवढं बोलून ते गप्प झाले. मग शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली. तेलकट बोटांनी पानांचे कोपरे काळे पडलेले. मशिन, कधी बंद, कधी चालू, कारण: सगळं तारीखवार, आणि कुणालाच न दाखवलेलं. आम्ही तिथेच बेरीज केली. एका प्रेस मशिनचा बंद वेळ महिन्याला 26 तासांवरून 9 वर आला होता, कारण तेलाची गळती रोखणारं ऑइल सील फाटायची वाट न बघता ते आधीच बदलायला त्यांनी सुरुवात केली होती. डेअरीचा तो प्रश्न मला सुचला, याचं समाधान आजही आहे.

तुम्हीही 'मेहनती', 'प्रामाणिक' ही विशेषणं सोडा. आधी किती होतं, आता किती आहे, मधे तुम्ही काय केलंत, एवढं लिहा. हाताखालच्या फिटरचा वाटा असेल तर त्याचं नाव घ्या. तुमचं वजन त्यानं कमी होत नाही. एप्रिलची वाट बघू नका, दर महिन्याला साहेबांना चार ओळी पाठवा. आणि काय हवंय ते स्पष्ट मागा. 'बघा काहीतरी' म्हणू नका, 'शिफ्टची जबाबदारी द्या' म्हणा.

त्या वर्षी त्यांना बढती मिळाली नाही. पण साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि उरलेल्या पाच प्रेसचं वेळापत्रक त्यांच्याकडेच दिलं. परवा भेटले तेव्हा खिशात नवी डायरी होती. त्यात एक रकाना वाढलाय: 'वाचलेला वेळ'.