दुखणं खरंच आहे, झोपेचं शिकावं लागतं

ताई, काल तुम्ही विचारलंत, "समुपदेशकाकडे पाठवलं म्हणजे माझं दुखणं मनाचं समजतात का?" अजिबात नाही. कंबर खरीच दुखते. पण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तीच कंबर जास्त ठणकते, आणि संध्याकाळ झाली की "आजही झोप लागणार नाही" ही धास्ती सुरू. मी घोडबंदर रोडवरच्या घरात वर्षभर हेच केलं.

समुपदेशक शिकवतात ती निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलून झोप सुधारायची उपचारपद्धत, साधारण ६ ते ८ भेटींची असते. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांआधी हीच सुचवली. आधी दोन आठवडे झोपेची डायरी. मग सर्वांत जड भाग: अंथरुणातला वेळ कमी करायचा. मी नऊ तास पडून जेमतेम साडेपाच तास झोपत होते, म्हणून मला साडेपाचच तास दिले. पहिला आठवडा भयंकर गेला, ठाणे स्टेशनच्या जिन्यावरही डोळे मिटत होते. गाडी चालवत असाल, फिट्स किंवा बायपोलर असेल, तर हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

झोप येईना तर पडून राहू नका, उठून खुर्चीत बसा. कंबरेला उशी आधीच लावून ठेवा, रात्री शोधत बसाल तर उरलीसुरली झोपही जाईल. दुपारची डुलकी बंद (हे मला आजही जमत नाही).

गोळ्या मनाने सोडू नका. चिंता फार वाढली तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.