लेकीच्या घरी

बाळा,

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना मागून आत्याआजी जे बोलल्या ते तू ऐकलंस आणि रात्री मला मेसेज केलास, की आजोबा सगळी इंडिया फिरलेत, काठमांडूला पण राहिलेत, मग कॅलगरीला आपल्याकडे राहायला यायचं म्हटल्यावर सगळे एवढे गंभीर का झालेत, आणि "लेकीच्या घरी कायमचं?" असं त्या का म्हणाल्या, तुझ्या घरात काय प्रॉब्लेम आहे. फोनवर दोन मिनिटांत सांगता येणार नाही म्हणून विट्यातून हे लिहितेय. मराठी वाचायला वेळ लागला तरी चालेल, पण तूच वाच, बाबाला वाचून दाखवायला सांगू नकोस.

एक आधी सांगते, आजोबांना परदेशाची भीती अजिबात वाटत नाहीये. सांगली जिल्ह्यातला आपला खानापूर तालुका सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत येतो, महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि इकडे पोचेस्तोवर फारसं काही उरत नाही (रॉकीजमुळे कॅलगरीत पाऊस कमी पडतो ना, तेच कारण). आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी वर उचलून आणलंय, द्राक्षबागा दिसतात, पण आजोबांच्या लहानपणी यातलं काही नव्हतं आणि त्यात 1972 चा दुष्काळ पडला. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, या सगळ्या भागातली पोरं गलाईच्या धंद्यात बाहेर पडली, तसे आजोबा पण मिसरूड फुटायच्या आत एका नात्यातल्या माणसाबरोबर कोइमतूरला गेले.

गलाई म्हणजे मोडीतलं सोनं गाळून शुद्ध करणं. सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून वितळवायची, मग ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये, टाकायचं, चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाला तपकिरी भुकटी राहते, बघितलं तर माती वाटेल, पण तेच सोनं असतं. ती धुवून टाकणखार घालून मुशीत परत वितळवली की पिवळा रंग येतो. चांदी पण वाया जात नाही, त्या तेजाबाच्या पाण्यात तांब्याचा पत्रा सोडला की ती परत सुटी होते. त्या तेजाबाच्या धुरानं आजोबांची छाती खराब झाली, म्हणून तिथे थंडीत त्यांना जपायचं आहे. कोइमतूरनंतर त्रिशूर, विजयवाडा, कोलकाता, काठमांडू, जिथं काम मिळालं तिथं भट्टी लावली. तमीळ तर असं बोलतात की तिकडचे लोक गाव विचारायचे. दसऱ्याला मात्र कुठूनही यायचेच, विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते ती त्यांनी सहसा चुकवली नाही. आम्हा दोघी बहिणींना वडील म्हणजे दसऱ्याला येणारा माणूस असं कितीतरी वर्षं वाटायचं.

मग अडलं कुठे, तर परदेशावर नाही, लेकीवर.

आपल्याकडे जुनी रीत अशी की मुलगी लग्न करून दिली की तिच्या घरचं खायचं नाही. कन्यादान केलंय, दान दिल्यावर तिथून परत काही घ्यायचं नाही असं मानायचे, काहीजण तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आणि कधी जावं लागलंच तर पोराबाळांच्या हातावर पैसे ठेवल्याशिवाय उठायचे नाहीत. तुला हे ऐकून राग येईल, मलाही यायचा. पण त्या काळातली लेक बघ, तिच्या हातात स्वतःचा पैसा नाही, घर सासूसासऱ्यांचं, आईबाप येऊन चार दिवस राहिले की मागून तिला ऐकून घ्यावं लागणार, की माहेरची माणसं आमचं खातात. म्हणून बाप उपाशी परत जायचा, पण लेकीला बोल लागू द्यायचा नाही. माझं लग्न झाल्यावर आजोबा कराडला आमच्याकडे यायचे, गूळ, शेंगा, ज्वारी असं काहीबाही घेऊन, सोप्यात बसून चहा घ्यायचे आणि शेवटची एसटी पकडायचे. तुझ्या बारशाला ते पहिल्यांदा आमच्याकडे पोटभर जेवले, हे तुला माहीत नसेल.

पण आता ती रीत कोणाचं भलं करते? माझी कमाई आहे, घराच्या कर्जावर माझी पण सही आहे. ज्यांना फक्त मुली आहेत त्या म्हाताऱ्या माणसांनी जायचं कुठे? कायदा तर कधीच पुढे गेलाय, लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी आहे असं सुप्रीम कोर्टानं 1987 सालीच सांगितलं, 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. आणि आईवडिलांना बोलावून घ्यायच्या कॅनडाच्या फॉर्मवर मुलगा की मुलगी याने काहीच फरक पडत नाही, त्यांच्या खाण्याराहण्याची 20 वर्षांची जबाबदारी मी सही करून घेतलीय. हे सगळं मी इथे ओसरीवर बसून सगळ्यांसमोर बोलले. चुलतमामा म्हणाले आमच्याकडे राहू देत की, त्यांचं मन मोठंच आहे, पण आजोबांना रात्री धाप लागली की उठून बघणारं माणूस मला जवळ हवंय, आणि ते माणूस मीच असावं असं मला वाटतं.

आजोबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "येतो, पर खोलीचं भाडं किती घेशील ते आदी सांग." मला रडूच आलं, मी नाही म्हणणार होते तेवढ्यात मावशीनं डोळ्यांनी गप्प केलं. दर महिन्याला ठरलेली रक्कम ते देणार आणि मी ती घेणार, असं पक्कं झालंय. जमीन त्यांच्याच नावावर राहणार, बाहेर राहणाऱ्या भारतीयाला नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही पण असलेली ठेवता येते, म्हणून सातबाऱ्याची काळजी मिटली. आणि कायम राहायची परवानगी टिकवायला कॅनडाचा नियम पाच वर्षांत मिळून 730 दिवस तिथे राहा एवढाच आहे, त्यामुळे दसऱ्याला येत जाऊ असं त्यांना हिशोब करून दाखवलंय, तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

आता तुझं काम. आल्या आल्या ते तुझ्या हातावर पैसे ठेवतील, आणि नंतरही ठेवत राहतील. "नको आजोबा, माझ्याकडे आहेत" असं म्हणायचं नाही, मला आणून द्यायचे नाहीत, वाकून नमस्कार करायचा आणि घ्यायचे. रुपये असले तरी घ्यायचे. आणि खालची खोली गार असते, म्हणून तुझी वरची खोली त्यांना देतेय, तुझं सामान शनिवारपर्यंत खाली हलव, बाबा मदत करेल.

तुझी,
आई