तफावतीची ओळ

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू आमच्या ओसरीवर बसून लॅपटॉपमधला तो लांबलचक तक्ता दाखवलास, त्याला आता पंधरवडा होत आला. उत्तर कोरियाच्या एका वर्षाच्या ऊर्जेचा ताळेबंद तू प्रबंधासाठी मांडला आहेस: वरच्या ओळींत उत्पादन, आयात आणि निर्यात, मधे वीजनिर्मिती आणि गळती, खाली कारखाने, रेल्वे, शेती, लष्कर आणि घरे. काम नेटके आहे. फक्त कोळशाच्या रकान्यात खाणींतून निघालेला कोळसा आणि कुठे ना कुठे जळलेला कोळसा यांच्यात जवळपास सहाव्या हिश्श्याची तफावत उरते. "सर म्हणतात, उरलेले ग्रामीण घरांच्या ओळीत टाकून दे, तिथे कोणी मोजलेलेच नाही. काका, टाकू का?" असे तू विचारलेस, आणि मी उत्तर देण्याऐवजी संत्र्याच्या भावाबद्दल बोलत बसलो. तू हिरमुसून उठलीस हे मला कळले होते. उत्तर माझ्याकडे होते, पण ते तुझ्या आबाजींसमोर द्यायची माझी तयारी नव्हती.

उत्तर असे आहे: टाकू नकोस. पुरवठ्याचा आकडा पुरवठ्याच्या वाटेने यावा, मागणीचा मागणीच्या वाटेने यावा, दोघांची गाठ शेवटच्या ओळीत पडावी आणि तिथे जे उरेल ते उरले म्हणूनच लिहावे. त्या ओळीला 'तफावत' असे नाव दे आणि आकडा जेवढा असेल तेवढा लिही. मी हे पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

ज्या देशातून वार्षिक अहवाल बाहेर येत नाहीत त्याचा हिशेब दुसऱ्यांच्या वह्यांतून करावा लागतो, हे तुला ठाऊक आहेच. तेलाचेच घे. चीनकडून उत्तर कोरियाला नळाने जाणारे कच्चे तेल चिनी सीमाशुल्काच्या आकडेवारीत वर्षाला पाच लाख टनांच्या आसपास दिसत असे. 2014 पासून त्या जागी काहीच दिसेनासे झाले. ती नोंद तुझ्या तक्त्यात तू 'शून्य' अशी उतरवली होतीस आणि तेल बंद झाले असे समजून पुढची दोन पाने लिहिली होतीस. पोरी, तलाठ्याने सातबाऱ्यावर पीक लिहिले नाही म्हणून शेत पडीक होते काय? नोंद थांबली एवढेच तिथे सिद्ध होते. कोऱ्या घरात शून्य लिहिणे हीही जुळवाजुळवच आहे, आणि ती जास्त वाईट, कारण शून्य दिसायला फार प्रामाणिक असते.

याच्या उलट चांगले उदाहरण पाहा. डिसेंबर 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 2397 करून त्या देशाला वर्षाला फक्त 5 लाख पिंप शुद्ध इंधन नेता येईल अशी मर्यादा घातली. पिंप म्हणजे 159 लिटर. सुमारे अडीच कोटी लोकसंख्येला भागलेस तर माणशी वर्षाला जेमतेम तीन लिटर पडतात, आणि आपल्याकडचा ट्रॅक्टर तेवढे डिझेल तासाभराच्या नांगरटीत पितो. मग भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल चढवण्याचे प्रकार सुरू झाले. टँकर बंदराला लागलेला उपग्रहाच्या चित्रात दिसतो, पण त्याच्या पोटात किती तेल आहे ते दिसत नाही. अशा वेळी हिशेब करणाऱ्यांनी एक आकडा ठोकून दिला नाही. टँकर एक तृतीयांश भरले असतील तर इतके, निम्मे भरले असतील तर इतके आणि नव्वद टक्के भरले असतील तर इतके, असे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले. वाचणाऱ्याला कळते की अज्ञान नेमके कुठे आहे आणि किती रुंद आहे. मी ते वाचले तेव्हा मला थोडी लाजच वाटली.

आता तुझ्या कोळशाकडे येतो. सहावा हिस्सा उरण्याची निदान चार कारणे असू शकतात. पहिले म्हणजे टन आणि उष्णता यांची गल्लत. हिशेबासाठी मानलेला प्रमाण कोळसा किलोला सात हजार किलोकॅलरी धरतात. तू सगळ्या कोळशाला उष्णतेचा जवळपास तोच भाव लावला आहेस, कारण तिकडचा अँथ्रासाइट, म्हणजे कठीण जातीचा कोळसा, चांगला असतो असे पुस्तकात लिहिले आहे. चांगला असतो, पण चांगला कोळसा देश विकतो आणि राखेने भरलेला घरी जाळतो, ही रीत वणी-घुग्घुसच्या खाणींच्या अंगणात वाढलेल्या तुला मी शिकवावी काय? आपल्या वीजकेंद्रांना मिळणाऱ्या कोळशात साडेतीन-चार हजारांच्या आसपासच उष्णता असते आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त राख. हलका कोळसा भट्टीत नीट पेट धरत नाही म्हणून त्यावर जड तेलाचा फवारा मारावा लागतो. अमेरिकेशी झालेल्या 1994 च्या करारात उत्तर कोरियाने वर्षाला पाच लाख टन जड इंधन तेल का मागून घेतले, हे आपल्याकडचा कोणताही बॉयलरवाला तुला चहा पिता पिता समजावून देईल.

दुसरे कारण म्हणजे 2017 च्या ऑगस्टमध्ये कोळशाच्या निर्यातीवर पूर्ण बंदी आल्यानंतरही चोरून गेलेला माल. तिसरे म्हणजे खाणीच्या तोंडाशी पडून राहिलेला ढीग. तिथली बरीचशी रेल्वे विजेवर चालते. वीज नसली की वाघिणी हलत नाहीत, वाघिणी हलल्या नाहीत की वीजकेंद्राला कोळसा मिळत नाही, आणि कोळसा नाही म्हणून वीज नाही. 1995 च्या महापुरात खाणी बुडाल्या तेव्हा पाणी उपसायच्या पंपांनाही वीजच लागत होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर स्वस्त तेल आणि सुटे भाग आटले, त्यावर हे पूर, आणि दक्षिण कोरियाच्या आकडेवारीनुसार 1990 मध्ये 27.7 अब्ज युनिट असलेली तिथली वीजनिर्मिती 1998 मध्ये 17 अब्जांवर आली. अशा देशात 'खाणीतून निघाला' आणि 'जळला' यांच्या मधे वर्ष निघून जाऊ शकते.

आणि चौथे कारण, खरोखरच घरे. असू शकते. 2008 च्या जनगणनेत, जी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने झाली आणि जिच्यात 2 कोटी 40 लाख माणसे मोजली गेली, बहुतेक घरे लाकडावर किंवा कोळशावर स्वयंपाक करतात असेच निघाले होते. पण मग घरांचा आकडा घरांच्या वाटेने काढ: किती घरे, थंडीचे किती महिने, चुलीचा धूर जमिनीखालच्या नळ्यांतून फिरवून खोली तापवायची त्यांची जी पद्धत आहे तिला रोज कोळशाच्या किती वड्या लागतात. जे येईल ते लिही. कोळशाच्या रकान्यात उरले म्हणून घरांनी जाळले, हे मोजणे नव्हे.

मोजणे म्हणजे काय ते मी तुला एकदा दाखवले आहे, पण तू तेव्हा सहा-सात वर्षांची होतीस. आमच्या अंगणातल्या लिंबाला मी ताणकाटा टांगला होता आणि तुझी आजी पऱ्हाट्यांची मोळी त्याला अडकवत होती. जळणाच्या पाहणीत गावातल्या बाया "आठवड्याला दोन मोळ्या" असे सांगत आणि आम्ही मोळीला वीस किलो धरत असू. त्या दिवशीची मोळी फाल्गुनात नुकत्याच उपटलेल्या पऱ्हाट्यांची होती, काटा बावीसवर गेला. तीच मोळी, त्याच दोरीने बांधलेली, आजीने माळ्यावर टाकली आणि वैशाखात पुन्हा काट्याला लावली तेव्हा ती चौदावर आली. आठ किलो पाणी होते आणि आम्ही ते कागदावर जाळले होते. आजी म्हणाली, "तुमच्या साहेबाला सांगा, वल्लं लाकूड धुपते, जळत न्हाई." माझ्या नोकरीत ऊर्जेवर इतके नेमके वाक्य मी दुसरे ऐकले नाही.

रात्रीच्या दिव्यांच्या उपग्रहचित्रांवर तुझा फार भरवसा आहे. अंधाराने भरलेला उत्तर आणि झगमगता दक्षिण, हे चित्र सगळ्यांनी पाहिले आहे आणि त्यावरून मागणी काढण्याचा मोह मी समजू शकतो. पण तो उपग्रह मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्या वेळी आपल्या शिवाराकडे बघ: थ्री फेज पुष्कळदा रात्रीच येते, म्हणून शंभर मोटारी पाणी ओढत असतात, आणि उजेड म्हणशील तर बांधावर एखाद्याच्या हातातली बॅटरी. वरून पाहणारा म्हणेल, इथे वीजच नाही. दिवा ही एक मागणी आहे, सगळी मागणी नव्हे. शिवाय जिथे वीज मोजूनमापून सोडतात तिथे वापरलेली वीज म्हणजे मागणी, असे समजणे म्हणजे पंगतीत वाढलेल्या भाकरीवरून भूक ठरवणे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले ती सांगतो.

मी नोकरीत असताना उपकेंद्रातून फीडरवर, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या मुख्य वाहिनीवर, किती युनिट गेले ते मीटरवर दिसे आणि गावागावांतून किती युनिटांची बिले निघाली ते खातेवहीत दिसे. दोन्हींत मोठे खिंडार असे. त्यात तारांची खरी गळती होती, जळकी आणि बंद मीटरे होती, आणि आकडे टाकून घेतलेली वीज होती. (आपल्या भाषेत तारेवर टाकायचा आणि कागदावर मांडायचा, दोन्ही आकडेच, याचा मला पुढे अनेकदा विचार पडला.) शेतीपंपांना मीटर नव्हते, अश्वशक्तीवर बिल होते. वरून प्रश्न आला की गळती एवढी कशी, तर उत्तर तयार होते: पंप अमुक तास चालले असे धरायचे, आणि ते तास असे धरायचे की गळती सोसण्याजोगी दिसावी. तुझे सर जे म्हणतात तेच आम्ही करत होतो. तिथे कोणी मोजलेलेच नव्हते.

ते तास मी माझ्या हाताने लिहिले आहेत, आणि एक-दोन वर्षे नव्हे. मी काही एकटा नव्हतो, माझ्या आधीही तीच रीत होती आणि मी नकार दिला असता तर बदली होऊन दुसऱ्याने तेच तास लिहिले असते, हे सगळे खरे आहे आणि मी ते स्वतःला पुष्कळदा सांगून झाले आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की कागदावर आमचा फीडर पंपांनी ओसंडून वाहू लागला. नव्या जोडणीला वाव नाही असा शेरा त्याच कागदाच्या आधारे पडू लागला. पैसे भरून प्रलंबित राहिलेल्यांच्या यादीत तुझ्या आबाजींचे नाव चार वर्षे होते. विहिरीला पाणी होते, तार बांधापर्यंत आली होती. माझ्या एकट्याच्या आकड्याने ती जोडणी अडली असे मी म्हणणार नाही. खांब नव्हते, रोहित्र नव्हते, पैसा नव्हता. तरीही फीडर भरलेला आहे असे ज्या कागदावर लिहिले होते त्यावर सही माझी होती, आणि मी त्या काळात दर आठवड्याला त्यांच्या घरी चहा पीत होतो.

म्हणून तुझ्या सरांची सूचना ऐकताच मला दिसला तो उत्तर कोरियातल्या कुठल्या तरी खेड्यातला असा माणूस, ज्याला मीटर नाही, पावती नाही, आणि आपल्या नावावर किती कोळसा टाकला गेला हे जो कधीही वाचणार नाही. जुळवाजुळव नेहमी त्याच्याच ओळीत होते, हे मी अनुभवाने सांगतो. कारखान्याच्या किंवा लष्कराच्या ओळीत कोणी सहावा हिस्सा टाकून पाहत नाही, कारण तिथे प्रश्न विचारणारे असतात. पुढे कोणी तरी तुझा तक्ता हातात घेऊन म्हणेल की तिथली खेडीच सगळा कोळसा फस्त करतात, आणि त्याला खोटे ठरवायला तुझ्याच तक्त्यात काही उरलेले नसेल.

तफावत लिहिली तर प्रबंध अपुरा दिसेल, परीक्षक खोदून विचारतील, अशी भीती तुला आहे. विचारू दे. डेव्हिड फॉन हिप्पेल आणि पीटर हेज या नॉटिलस इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी याच देशाचे ताळेबंद 1990 या वर्षापासून पुन्हा पुन्हा मांडले आहेत, आणि गृहीत काय धरले व कुठे आधार कच्चा आहे हे ते लपवत नाहीत. तुझ्याजवळ तर त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आहे: टंचाईतला माणूस वीज कशी वापरतो हे तू घरात पाहिले आहेस. तिथल्या लोकांनी चिनी सौर पाट्या विकत घेऊन खिडक्यांत लावल्या, लाकडाच्या धुरावर ट्रक चालवले, हे वाचून तुला नवल वाटले नाही असे तू म्हणालीस. त्या पाट्या तक्त्याच्या कोणत्या ओळीत बसवल्यास? मला सापडल्या नाहीत. की त्याही शून्य?

एवढे कर. कोळशाला उष्णतेचे तीन भाव लावून तीन तक्ते काढ, घरांचा आकडा तळापासून वेगळा काढ, जलविद्युत महिन्यानुसार मांड (यालू नदीवरच्या सुपुंग धरणाची वीज चीनबरोबर वाटून घ्यावी लागते, आणि हिवाळ्यात, जेव्हा घरे तापवायची असतात, तेव्हाच नद्या गोठतात व आटतात, वर्षाच्या सरासरीत हे सगळे बुडते) आणि मग शेवटची ओळ लिही. ती सहावा हिस्सा असो की दहावा, तशीच माझ्याकडे पाठव. सुधारून, गुळगुळीत करून पाठवलास तर मी उघडणार नाही.

ताणकाटा अजून आमच्या माळ्यावर आहे, हवा तर घेऊन जा.

यादीचे मी आबाजींना अजून सांगितलेले नाही. रोज संध्याकाळी पारावर शेजारी बसतो, बोलणे कपाशीवरून बोंडअळीवर जाते आणि तिथेच थांबते. हे पत्र तू घरी लपवून ठेवू नकोस. त्यांनी चष्मा मागितला तर दे.

तुझा,
काका