रतनगड ते हरिश्चंद्रगड ट्रेक पहिल्यांदाच करताय, तर एवढं बघा

तीन दिवस धर, दोनात बसवायला जाऊ नकोस. पहिल्या दिवशी रतनवाडीतून अमृतेश्वराचं मंदिर बघून रतनगडावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी कात्राबाई खिंडीतून कुमशेत, तिसऱ्या दिवशी पाचनईवरून हरिश्चंद्रगड आणि तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरायचं.

खरी गंमत आणि खरा धोका दुसऱ्या दिवशी आहे बघ. कात्राबाईच्या जंगलात ढोरवाटा (गुरांच्या ये-जा करण्याने पडलेल्या वाटा) इतक्या फुटतात की मळलेली वाट म्हणून जिच्यावरून आपण चालतोय ती मधेच कारवीच्या दाट झुडपांत गडप होते. आम्ही असेच दीड तास भरकटलो होतो, मोबाईलला रेंज नाही, शेवटी गुरांच्या घंटा ऐकून गुराख्यापर्यंत पोचलो. त्यामुळे मोबाईलमध्ये ऑफलाइन मॅप असला तरी रतनवाडीतून वाटाड्या घेच, त्याच्या मजुरीत घासाघीस करू नकोस प्लीज.

पाणी माणशी तीन लिटर सोबत पाहिजेच. नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट, मार्चनंतर वाटेतले ओढे आटतात. गडावरच्या टाक्याचं, म्हणजे कातळात खोदलेल्या हौदाचं, पाणी घेताना वरचा शेवाळाचा थर हळूच बाजूला सार, बाटली बुडवून भर, फडक्याने गाळ आणि उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच पी.

बूट नवे कोरे नकोत, आधी सिंहगडला चारपाच वेळा घालून रुळव. रात्री थंडी सॉलिड असते, स्लीपिंग बॅग हवीच. जेवणाचं कुमशेतला कुणाच्या तरी घरी आधी फोन करून सांग, पिठलं भाकरी गरम मिळते. आणि निघायच्या आधी घरी कागदावर लिहून ठेव, कुठल्या रात्री कुठे मुक्काम ते.