आठवीतील मुलीला शाळेत चित्रकला, संगीत आणि नाटक शिकायचे असेल, तर दहावीपूर्वी काय करावे?

महाराष्ट्रात सर्वांत रुळलेली वाट चित्रकलेची आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना विद्यार्थी शाळेमार्फत बसतात आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणून एलिमेंटरी आठवीतच द्यावी, म्हणजे नववीला इंटरमिजिएट निवांतपणे देता येते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन या विषयांपैकी शेवटच्याकडे मुले दुर्लक्ष करतात आणि माझ्या मते श्रेणी बहुधा तिथेच घसरते.

संगीताचे गणित वेगळे आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतील प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षा क्रमाने येतात आणि त्यामागे काही वर्षांचा रोजचा रियाज असतो. त्यामुळे केवळ गुणांसाठी आठवीत गाणे सुरू करणे मला योग्य वाटत नाही. आवड असेल तर मात्र अवश्य शिकू द्यावे.

नाटकासाठी सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा असते. शाळेचा संघ जात असेल, तर मुलीला भूमिका मिळो वा नेपथ्याचे काम, तिला आवर्जून पाठवा.