रानडुकराच्या खुणा: पहिल्या फेरीत एवढंच बघा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नवं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) घेतलंत आणि सुरण-कणगीसारख्या कंदांचे वाफे उकरलेले दिसले, म्हणून खचू नका. गुरं सुटायच्या आधी, उजाडताच एक फेरी मारा. सुरुवातीला तीनच खुणा ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं.

- उकरण: डुक्कर मुस्कटाने माती नांगरल्यासारखी रुंद उलथतं. साळिंदराचा खड्डा अरुंद असतो. नवखे इथेच फसतात.
- खूर: पुढे दोन बोथट ठसे, मागे बाहेरच्या अंगाला दोन बारीक टोचे. गाईच्या पावलात हे टोचे सहसा उमटत नाहीत. मेरेवरच्या (बांधावरच्या) ओल्या चिखलात नीट दिसतात.
- लोळण: ओहोळाकाठचा गढूळ खळगा. शेजारच्या झाडाला घासलेला चिखल आणि राठ केस बघा. चिखल जितका उंच, तितकं जनावर मोठं.

खूण ताजी की जुनी, हे सर्वांत महत्त्वाचं. उलथलेल्या मातीखालचं एखादं पान उचला. हिरवं, ताठ असेल तर कालच्या रात्रीचं. मऊ पडलं असेल तर जुनं. जुन्या खुणेवर राखण बसवून रात्री फुकट घालवू नका.

फास किंवा थेट विजेची तार मुळीच लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे, आणि फासात बिबटाही अडकतो. वाफे सारखे करण्यापूर्वी नुकसानीचे फोटो मात्र काढा, वनखात्याला दाखवायला लागतात.

पट्टेदार पिल्लं दिसली तर तिथूनच मागे फिरा. आई जवळच असते. कॅमेरे, कुंपण वगैरे पुढच्या खेपेला सांगतो.